फसव्या संकेतस्थळांचा शोध : एका सांघिक प्रकल्पाचे नियोजन

(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी माध्यमाची शाळा चालवणे म्हणजे मुलांना अनेक भाषांच्या वर्दळीत नीट वाचायला शिकवणे होय. घरात मराठी, रस्त्यावर त्या त्या राज्याची भाषा, सरकारी कागदावर हिंदी आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी, असा इथल्या विद्यार्थ्यांचा रोजचा वावर असतो. आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता अभियांत्रिकी महाविद्यालयातला वाटेल. फसवी संकेतस्थळे ओळखणारी संगणकप्रणाली चार-पाच जणांनी मिळून तयार करायची असेल, तर तिचे नियोजन कसे करावे, असा हा प्रश्न आहे. परंतु त्याच्या मुळाशी वाचनच आहे. पडद्यावर जे दिसते आणि तेथे खरोखर जे लिहिलेले असते, यांतील फरक ओळखणे, हेच त्या प्रणालीचे काम.

संगणकशास्त्राच्या अंतिम वर्षात हा विषय अनेक गट निवडतात. तयार माहितीसंच घ्यावा, त्यावर यंत्रशिक्षणाच्या चार-पाच पद्धती चालवाव्यात, सर्वाधिक अचूकता देणारी पद्धत निवडावी आणि अहवालात शेकडा सत्त्याण्णव किंवा अठ्ठ्याण्णव असा आकडा लिहावा, अशी त्याची ठरलेली वाट आहे. आकडा खोटा नसतो. तरीही अशी प्रणाली प्रत्यक्षात एखाद्याचे पैसे वाचवीलच, असे त्यावरून म्हणता येत नाही. कारण नियोजनाची सुरुवात पद्धतीच्या निवडीपासून झालेली असते. ती चुकांपासून व्हायला हवी. प्रणाली कोणत्या प्रकारे चुकेल आणि त्या चुकीची किंमत कोण मोजील, हे प्रथम ठरवावे. माहिती कोणती गोळा करावी, प्रारूप कोणते घ्यावे, काम कसे वाटावे, या साऱ्यांची उत्तरे त्यानंतर सापडत जातात.

फसवणुकीचे स्वरूप

'फिशिंग' हा शब्द १९९० च्या दशकाच्या मध्यास, अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या ग्राहकांचे पासवर्ड चोरणाऱ्यांच्या बोलीतून आला. गळाला आमिष लावून मासा पकडावा, तसे हे काम. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये, नॅसकॉम या संस्थेच्या नावाने खोटे ईमेल पाठवून लोकांची वैयक्तिक माहिती मिळवल्याच्या प्रकरणात, या कृत्याची दखल घेतली. त्या वेळी त्यासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ६६ क आणि ६६ ड यांनी ओळखचोरी आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी हे गुन्हे ठरवले.

तोतयाचे काम सोपे असते. बँकेचे पान जसेच्या तसे उचलता येते. बोधचिन्ह, रंग, अक्षरांचे वळण, तळाशी असलेली सूचना, सारे काही काही मिनिटांत दुसऱ्या सर्व्हरवर मांडता येते. मग संदेश जातो : केवायसी अपूर्ण आहे, वीजबिल थकले आहे, पार्सल अडकले आहे, निवृत्तिवेतन थांबेल. दुवा उघडला की ओळखीचे पान दिसते आणि हात सवयीने पासवर्ड लिहून मोकळा होतो.

या साऱ्यात तोतयाला एक गोष्ट उचलता येत नाही, ती म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता. एका नावावर एकाच मालकाची नोंद असते, म्हणून त्याला सारखे दिसणारे दुसरे नाव घ्यावे लागते. आणि पत्ता वाचण्याची रीत उलटी आहे. 'अमुकबँक डॉट को डॉट इन डॉट खाते-तपासणी डॉट टॉप' हा पत्ता डावीकडून वाचणाऱ्याला बँकेचा वाटतो. प्रत्यक्षात मालकी ठरते ती उजवीकडून. इथे मालक आहे तो 'खाते-तपासणी डॉट टॉप' हे नाव नोंदवणारा. त्याच्या डावीकडे त्याने काय लिहावे, याला बंधन नाही.

लोकांना हे ओळखता का येत नाही, असा प्रश्न काही जण जरा अधिकारवाणीने विचारतात. २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी बावीस जणांना वीस संकेतस्थळे दाखवून खरी कोणती आणि खोटी कोणती, हे सांगायला लावले. त्यांतील सर्वांत बेमालूम खोट्या संकेतस्थळाने नव्वद टक्के लोकांना फसवले. ही माणसे तपासण्यासाठीच बसलेली होती. जो माणूस मुलाच्या शुल्काच्या किंवा आईच्या औषधाच्या घाईत पान उघडतो, त्याची स्थिती याहून कठीण असते. फसलेल्याला अडाणी ठरवणाऱ्या गटाने हा प्रकल्प हाती घेऊ नये. त्याच्या हातून उपयोगी प्रणाली घडणार नाही.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाबद्दलही एक गैरसमज अनेक वर्षे रुजला. कुलूप म्हणजे संकेतस्थळ विश्वासू, असे लोकांना शिकवले गेले. वास्तविक ते चिन्ह एवढेच सांगते की वाटेत तिसऱ्या कुणाला मजकूर वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला सज्जन आहे की चोर, हे ते सांगत नाही. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने २०१५ च्या अखेरीपासून अशी प्रमाणपत्रे सर्वांना विनामूल्य दिली. प्रामाणिक छोट्या संकेतस्थळांची त्याने मोठी सोय झाली आणि तोतयांनीही तिचा लाभ घेतला. शेवटी क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये कुलपाचे चिन्हच बदलून टाकले. काल विश्वासार्ह असलेली खूण आज निरुपयोगी होऊ शकते, ही या क्षेत्राची रीतच आहे. नियोजनात ती गृहीत धरावी लागते.

दोन चुका आणि त्यांची किंमत

अशी कोणतीही प्रणाली दोन प्रकारे चुकते. खोटे संकेतस्थळ तिच्या नजरेतून निसटते, किंवा खऱ्या संकेतस्थळावर ती खोटा आळ घेते. पहिल्या चुकीची किंमत सर्वांना दिसते : एखाद्या निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची शिल्लक दुपारच्या दहा मिनिटांत जाते. दुसऱ्या चुकीची किंमत सहसा कुणी मोजत नाही. एखाद्या महिला बचत गटाने दिवाळीच्या फराळासाठी नवे संकेतस्थळ काढले, तर त्याचे नाव नुकतेच नोंदवलेले असते, जागा स्वस्तातली असते, भेट देणारे थोडे असतात आणि पानावर पैसे भरण्याची सोय असते. प्रणाली ज्या खुणांना संशयास्पद मानते, त्यांतील बहुतेक खुणा इथे हजर आहेत. त्या पानावर ऐन दिवाळीत लाल पाटी झळकली, तर वर्षाची कमाई बुडते आणि दाद मागायला जागा नसते.

आता थोडा हिशेब करून पाहावा. आकडे मानलेले आहेत. गणित मात्र खरे आहे. समजा, लोकांनी उघडलेल्या दहा हजार पानांपैकी दहा पाने फसवी आहेत. प्रणाली फसव्या पानांपैकी ९९ टक्के पकडते आणि खऱ्या पानांपैकी अवघ्या १ टक्क्यावर खोटा इशारा देते. परीक्षेच्या भाषेत ही विशेष प्रावीण्याची श्रेणी झाली. पण ९,९९० खऱ्या पानांचा एक टक्का म्हणजे सुमारे शंभर. एकूण इशारे झाले एकशे दहा. त्यांतले खरे दहा. अकरांपैकी दहा वेळा प्रणाली निरपराध पानावर ओरडते. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट बालवर्गात शिकलेल्या कुणालाही पुढचे सांगावे लागणार नाही. आठवड्याभरात वापरणारा इशारे न वाचताच बंद करू लागतो आणि खरा लांडगा येतो तेव्हाही तेच करतो. स्वीडनमधील संशोधक स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी संगणकातील घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणालींबाबत हाच मुद्दा १९९९ मध्ये मांडला होता.

आता दुसरी प्रणाली घ्यावी. ती फसव्या पानांपैकी ९० टक्केच पकडते. पण खऱ्या पानांवर खोटा इशारा हजारात एकदाच देते. त्याच दहा हजार पानांत तिचे इशारे होतात एकोणीस आणि त्यांतले नऊ खरे. जवळजवळ दोनांतला एक इशारा खरा निघतो, म्हणून तो वाचला जातो. व्यवहारात ही दुसरी प्रणाली अधिक लोकांना वाचवू शकते. मात्र तिच्या हातून एक फसवे पान निसटले आणि त्या पानावर कुणी तरी एक माणूस होता.

या निवडीला सोपे उत्तर नाही. ती अल्गोरिदमवर सोपवता येत नाही आणि मार्गदर्शक प्राध्यापकांवरही ढकलता येत नाही. गटाने पहिल्या पंधरवड्यात एकत्र बसून खोट्या इशाऱ्यांची कमाल मर्यादा ठरवावी, ती कागदावर लिहावी आणि खाली सर्वांनी सह्या कराव्यात. नंतर निकाल सुंदर दिसावेत म्हणून ती रेषा सरकवायची नाही.

निसटणाऱ्या त्या एकासाठीही तरतूद करता येते, ती म्हणजे प्रश्न लहान करणे. जगातील प्रत्येक पान खरे की खोटे हे ठरवण्याऐवजी प्रणालीने एवढेच विचारावे : हे पान पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक मागते आहे का? मागत असेल, तर ते कोणत्या बँकेचे नाव किंवा बोधचिन्ह वापरते? आणि त्याचा पत्ता त्या बँकेच्या अधिकृत पत्त्यांत बसतो का? भारतात हे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नावाखाली नेण्यास सांगितले. त्याची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फतच होते. बाहेरच्या कुणाला हे नाव मिळत नाही. तोतया 'बँक-इन डॉट कॉम' असे काही तरी घेईल; पण उजवीकडून वाचणारा संगणक त्याला भुलणार नाही. हा एक नियम पाच-सहा ओळींत लिहिता येतो. बचत गटाचे संकेतस्थळ कोणत्याही बँकेचा वेश घेत नाही, म्हणून या नियमाने त्याच्यावर आळही येत नाही.

माहिती गोळा करण्याचे नियोजन

यंत्रशिक्षणाच्या प्रकल्पात प्रारूपाला उदाहरणे दाखवून शिकवावे लागते. उदाहरणे जशी, तसे शिक्षण. या विषयात सर्वाधिक वापरला जाणारा एक माहितीसंच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संग्रहात २०१५ पासून आहे. त्यात ११,०५५ नोंदी आणि प्रत्येक नोंदीचे ३० गुणविशेष आहेत : पत्त्याची लांबी, त्यातील '@' चिन्ह, आडवी रेघ, नावाचे वय इत्यादी. सरावासाठी तो चांगला आहे. त्यावर विसंबणे मात्र धोक्याचे. एक तर त्यातील ४,८९८ नोंदी, म्हणजे सुमारे ४४ टक्के, फसव्या आहेत. रोजच्या वापरात फसव्या पानांचे प्रमाण याच्या जवळपासही नसते, त्यामुळे वर मांडलेला हिशेब त्यात दिसतच नाही. दुसरे म्हणजे त्यातील एक गुणविशेष अ‍ॅलेक्सा या क्रमवारीवर आधारलेला आहे आणि ती सेवा १ मे २०२२ रोजी बंद झाली. ज्या प्रश्नाचे उत्तर आज मिळूच शकत नाही, त्यावर विसंबलेले प्रारूप प्रत्यक्षात चालवता येत नाही.

म्हणून गटाने स्वतःची माहिती जमवावी. फसव्या पत्त्यांसाठी २००६ पासून चालत आलेला फिशटँक हा सार्वजनिक संग्रह आहे. त्यात लोक पत्ते कळवतात आणि इतर जण मत देऊन पडताळतात. खऱ्या पत्त्यांसाठी ट्रँको ही लोकप्रिय संकेतस्थळांची यादी संशोधनात वापरली जाते. पण इथे एक खड्डा आहे. ट्रँकोत फक्त मुख्य नावे असतात, तर फिशटँकमध्ये लांबलचक पूर्ण पत्ते असतात. दोन्ही एकत्र करून शिकवले की प्रारूप एवढेच शिकते : पत्ता लांब म्हणजे खोटा. कागदावर अचूकता फार वर जाते आणि बँकेचे खरे लॉगिन पान उघडताच इशारा वाजतो. खऱ्या संकेतस्थळांची आतील पाने, विशेषतः लॉगिनची आणि पैसे भरण्याची पाने, हाताने निवडून घेणे हाच त्यावर उपाय. हे काम कंटाळवाणे आहे. प्रकल्पाची खरी किंमत मात्र तेथेच ठरते.

दुसरा खड्डा परीक्षेचा. तोतये एकाच साच्यातून शेकडो पाने काढतात. सगळी उदाहरणे पिसून काही शिकवण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी ठेवली, तर एकाच साच्याची भावंडे दोन्हीकडे जातात. प्रश्नपत्रिका आधी पाहून परीक्षेला बसण्यासारखाच हा प्रकार. म्हणून विभागणी काळानुसार करावी : आधीच्या महिन्यांतील पानांवर शिकवावे आणि नंतरच्या महिन्यांतील पानांवर परीक्षा घ्यावी. एकाच मालकीच्या नावाखालील सर्व पाने एकाच बाजूला ठेवावीत.

तिसरी अडचण वेळेची. फसवी पाने अल्पायुषी असतात. अनेकदा काही तासांतच ती नाहीशी होतात. काही पाने तर फक्त मोबाइलवरून किंवा ठरावीक देशातून आलेल्यालाच आपला खरा चेहरा दाखवतात आणि तपासणाऱ्याला कोरे पान दाखवतात. म्हणून पत्ता हाती येताच पानाचा मजकूर, त्याचे चित्र, तारीख आणि वेळ साठवणारी व्यवस्था पहिल्याच महिन्यात उभी राहिली पाहिजे. ती लांबली, तर शेवटी हातात मृत पत्त्यांची यादी तेवढी उरते.

कामाची वाटणी आणि वेळापत्रक

पाच जणांच्या गटात परस्पर संवादाच्या दहा जोड्या होतात. आठ जणांच्या गटात अठ्ठावीस. सत्रभराच्या प्रकल्पासाठी चार ते पाच जण पुरेत. एकाने माहितीचे काम सांभाळावे, एकाने प्रारूपाचे, एकाने ब्राउझरमध्ये बसणाऱ्या भागाचे आणि सर्व्हरचे, एकाने तपासणीचे व वापरणाऱ्यांच्या चाचणीचे. पाचवा असल्यास त्याने समन्वय आणि लेखन पाहावे. ही वाटणी जबाबदारीची आहे, मक्तेदारीची नाही. प्रत्येक भागाची माहिती किमान दोघांना असावी, म्हणजे ऐन परीक्षेच्या आठवड्यात कुणी आजारी पडले तरी काम थांबत नाही.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे : प्रारूप घडवणाऱ्याने परीक्षेची उदाहरणे ठेवू नयेत. ती तपासणी करणाऱ्याच्या ताब्यात असावीत आणि ठरलेल्या दिवसापर्यंत उघडू नयेत. प्रश्नपत्रिका परीक्षार्थीच्या हाती देत नाहीत, त्याच न्यायाने.

भागांमधील देवाणघेवाणही पहिल्या दोन आठवड्यांत लिहून ठरवावी. ब्राउझरने काय पाठवायचे आणि सर्व्हरने काय परत द्यायचे, हे नेमके असावे. परत येणाऱ्या उत्तरात तीन गोष्टी पुरेत : निर्णय, गुण आणि कारण. कारण देता आले नाही, तर इशाऱ्यात लिहायला काही उरत नाही आणि आळ आलेल्या संकेतस्थळाच्या मालकालाही उत्तर देता येत नाही.

सोळा आठवड्यांचे सत्र धरले, तर पहिले दोन आठवडे समस्या, मर्यादा आणि करार ठरवण्यात जावेत. चौथ्या आठवड्याअखेर संपूर्ण साखळी एकदा चालून दाखवावी. तिच्यात एकच ढोबळ नियम असला तरी चालेल. पत्ता आत जातो आणि इशारा बाहेर येतो, हे लवकर दिसले की पुढचे अडथळे वेळेवर उघडे पडतात. पाचव्या ते सातव्या आठवड्यात हाताने लिहिलेल्या दहा-बारा नियमांची प्रणाली पुरी करावी. त्यानंतर तीन आठवडे यंत्रशिक्षणाला द्यावेत : प्रथम साधे लॉजिस्टिक रिग्रेशन, मग रँडम फॉरेस्ट. ही प्रारूपे त्या हस्तलिखित नियमांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली तरच स्वीकारावीत. नाही तर नियमच ठेवावेत आणि अहवालात तसे लिहावे. अकरा ते तेरा हे आठवडे माणसांसोबतच्या चाचणीचे, चौदा आणि पंधरा दुरुस्तीचे आणि सोळावा लेखनाचा. अंतिम परीक्षेची उदाहरणे पंधराव्या आठवड्याअखेर एकदाच उघडावीत आणि जो आकडा येईल तो छापावा.

प्रारंभीच काही गोष्टी निषिद्ध ठरवाव्यात. फसवी पाने रोजच्या संगणकावर उघडू नयेत; त्यासाठी वेगळी आभासी यंत्रणा ठेवावी. अशा पानांवर स्वतःची किंवा दुसऱ्या कुणाचीही खरी माहिती भरू नये. चाचणीसाठी एखाद्या खऱ्या बँकेचे खोटे पान सार्वजनिक जाळ्यावर मांडू नये आणि संमतीवाचून कुणालाही गंमत म्हणून असे ईमेल पाठवू नयेत. कायद्याच्या नजरेत हेतू सिद्ध करणे अवघड असते. वापरणारा कोणकोणती पाने पाहतो, याची नोंदही सर्व्हरवर साठवू नये. गूगलच्या सेफ ब्राउझिंग सेवेत यासाठी एक युक्ती आहे : धोकादायक पत्त्यांच्या गणिती ठशांचे तुकडे ब्राउझरजवळच ठेवलेले असतात आणि जुळणी झाली तरच पुढे विचारणा होते. संरक्षणाच्या नावाखाली पाळत उभी राहू नये, यासाठी अशा रचनेचा अभ्यास गटाने जरूर करावा.

भाषेची कामगिरी

इथवरचे नियोजन कुठल्याही महाविद्यालयातील गटाला लागू पडेल. पुढचा भाग मात्र या शाळेत शिकलेल्यांच्या विशेष अधिकाराचा आहे.

२०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' या नावाखाली पत्ते नोंदवता येतात. संगणक आतून अशी नावे लॅटिन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात बदलून घेतो आणि पडद्यावर पुन्हा मूळ लिपीत दाखवतो. या सोयीला सावलीही आहे. २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतील सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी अ‍ॅपल कंपनीच्या नावाचा हुबेहूब पत्ता तयार करून दाखवला होता आणि त्या वेळचे काही प्रमुख ब्राउझर तो तसाच दाखवत होते. देवनागरीचेही असेच बारकावे आहेत. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मराठी वाचणाऱ्याला ठाऊक असते. हिंदीच्या सवयीने लिहिलेली प्रणाली त्यांत घोळ करू शकते. 'ऱ' हे अक्षर संगणकात एका संकेतानेही लिहिता येते आणि 'र' खाली नुक्ता देऊन दोन संकेतांनीही. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. तुलना करण्यापूर्वी अशी रूपे एकसारखी करून घेण्याची पायरी नियोजनात लिहून ठेवावी लागते.

तीच गोष्ट शब्दसूचीची. पानावर बँकेचा उल्लेख आहे का, हे शोधणाऱ्या सूचीत हिंदीतील 'बैंक' असेल आणि मराठीतील 'बँक' नसेल, तर मराठी संदेशातून आलेले पान सरळ निसटते. 'खाते', 'खाता', 'बचत', 'निवृत्तिवेतन', 'पेन्शन', 'ओटीपी', 'परवलीचा शब्द' हे शब्द लोक खरोखर कसे लिहितात, हे इंग्रजी माहितीसंचातून कळत नाही. घरी मराठी आणि बाहेर गुजराती, कन्नड, तेलुगू किंवा बंगाली बोलणारा विद्यार्थी ही सूची अधिक चांगली करील.

शेवटचा भाग इशाऱ्याच्या वाक्याचा. 'फिशिंगची शक्यता ०.८७' हे वाक्य यंत्र घडवणाऱ्याला समाधान देते. घाईतल्या माणसाला त्यातून काय करावे ते कळत नाही. 'हे पान तुमच्या बँकेचे नाही. इथे पासवर्ड किंवा ओटीपी लिहू नका. शंका असल्यास पासबुकावरील क्रमांकावर फोन करा.' या तीन वाक्यांत माहिती, मनाई आणि पुढचे पाऊल आहे. पैसे गेलेच असतील तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे, हेही तिथेच लिहावे, कारण अशा प्रसंगी प्रत्येक मिनिटाला किंमत असते. ही वाक्ये प्रयोगशाळेत पसंत करून भागणार नाही. वयाची साठी ओलांडलेल्या दहा-पंधरा जणांसमोर, त्यांच्या संमतीने, ती दाखवावीत आणि किती जण थांबले, किती जणांनी न वाचता पुढे बोट दाबले, हे मोजावे. प्रकल्पाच्या अहवालात अचूकतेच्या आकड्याआधी हा आकडा यावा.

शाळेने साठ वर्षांत हजारो हातांना अक्षरे गिरवायला शिकवले. त्यांतील पहिल्या तुकड्यांचे विद्यार्थी आज आजी-आजोबा झाले आहेत. त्यांच्या हाती मोबाइल आहे आणि बँक त्या मोबाइलमध्ये आहे. शेवटच्या बाकावर बसून हा मजकूर ऐकणाऱ्या मुलांपैकी काही जण चार-पाच वर्षांत असा प्रकल्प हाती घेतील. त्यांनी पहिल्या बैठकीत कागदाच्या वरच्या टोकाला पद्धतीचे नाव लिहू नये. तिथे दोन प्रश्न लिहावेत : खोटे पान निसटले तर कुणाचे पैसे जातील, आणि खऱ्या पानावर आळ आला तर कुणाचे पोट मारले जाईल? त्या दोन प्रश्नांखाली आखलेल्या नियोजनाचा उपयोग शाळेच्या पहिल्या तुकडीलाही होईल आणि शतक महोत्सवी वर्षात प्रवेश घेणाऱ्या तुकडीलाही.